शेवट तुम्ही सांगायचा

३ फेब्रुवारी

विहीणबाई,

पाकिटावरचं अक्षर बघून तुम्ही म्हणाला असाल, हे कोण बाई. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच, त्यामुळे ओळी मुंग्यांसारख्या इकडून तिकडे चालल्यात. दोष तुमच्या काचेचा नाही. तुम्ही चष्म्याच्या दुकानात काम करता, तुम्हाला मी काय सांगायचं म्हणा.

फोन का नाही केला? तुम्ही तो ठेवून दिला असता. पत्र मात्र फाडायच्या आधी माणूस एकदा वाचतोच. मी तरी वाचते.

आपण एकदाच भेटलोय, तीन वर्षांपूर्वी, लग्नाच्या नोंदणी कचेरीच्या जिन्यात. लेकीला पोहण्याच्या मोठ्या संस्थेत धाडायचं तुमचं सगळं ठरलेलं, आणि ती एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा हात धरून उभी. तुम्ही म्हणालात, "माझं दार तुला बंद," आणि कठड्याला धरून खाली उतरलात. लिफ्ट चालू होती, तरी जिन्याने. मला राग नाही आला हो. मी मनात म्हटलं, बाई मानी आहे, गुडघे दुखत असताना जिना उतरतेय.

तर आता कामाचं. माझ्या लेकाने, म्हणजे तुमच्या जावयाने (तुम्ही म्हणा न म्हणा, तो आहेच), भिंतीवर भला मोठा टीव्ही लावलाय. लिफ्टवाल्याची सवय, हव्यापेक्षा दुप्पट स्क्रू ठोकलेत. आमचे हे म्हणतात, भिंत पडेल पण टीव्ही नाही पडायचा. त्यात कुठलाही सिनेमा बोलावता येतो, जुना, नवा, समुद्रापलीकडचा. आणि मी जन्माची सिनेमावेडी. पूर्वी घरातली कामं उरकून जाईपर्यंत सिनेमा निम्मा झालेला असायचा. आता मी सांगेन तेव्हा सुरू होतो, मी भाजी परतायला उठले की थांबतो, आणि मी परत येईपर्यंत नायक दोरीला लटकून राहतो बिचारा. राजाला नसेल असली चैन!

पण नुसतं बघून पोट भरत नाही. बोलायला कोणी हवं. आमचे हे नावं येईपर्यंत जागे असतात, आणि पुढे मारामारीलाच उठतात.

"हा मेला का?"

"मेला."

"मग हा कोण?"

"तोच."

"मेला म्हणालीस ना?"

"आधीची गोष्ट दाखवतायत, झोपा तुम्ही."

यांच्याशी काय बोलणार? लेक दमून येतो. राहिली सून. ती बसते माझ्याजवळ, पाय स्टुलावर टाकून, कारण तिला आठवा लागलाय.

हं. लिहून गेले. जाऊ दे, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तुमच्या लेकीला आठवा महिना आहे. तब्येत छान आहे. पायांवर थोडी सूज आहे, ती असतेच. परवा म्हणाली, "सिनेमावर बोलावं तर आमच्या आईनेच," आणि पाणी प्यायचं निमित्त करून उठली. पेला तर भरलेला तिच्या पुढ्यातच होता.

म्हणून तुम्हालाच विचारते. काल एक बघितला. नायिका जंगलात हरवते, नदीत पडते, अस्वल मागे लागतं, आणि बाईचा भांग सरळच्या सरळ. माझा घरातल्या घरात विस्कटतो. तेही सोडा. शेवटी तो सरळमार्गी वकील तिला लग्नाचं विचारतो तर ही नाही म्हणते आणि परत जंगलात जाते. मला वाटतं बरोबर केलं. वकील फार व्यवस्थित जेवत होता. एवढं व्यवस्थित जेवणाऱ्या माणसाबरोबर जन्म काढायचा म्हणजे फार. तुमचं काय मत?

उत्तर लिहायचं तर खालच्या मजल्यावरच्या शिंप्याच्या पत्त्यावर घाला. सुनेला ठाऊक नाही मी लिहितेय ते.

लोभ असावा असं लिहीत नाही. तो सध्या नाहीये हे मला ठाऊक आहे. पुढचं पुढे.

तुमची विहीण (तुम्ही म्हणा न म्हणा)


१९ फेब्रुवारी

विहीणबाई,

आलं हो कार्ड! एकच ओळ, पण काय ओळ! "वकील चांगला माणूस होता, तुमचं साफ चुकतं." मी शिंप्याच्या दुकानातच मोठ्याने हसले. कार्ड उघडं असल्यामुळे त्याने आधीच वाचलेलं. म्हणतो, "आजी, त्या बाईंचं बरोबर आहे. वकील हातचा घालवायचा नसतो." म्हटलं, तू आधी माझ्या ब्लाउजच्या बाह्या उसव, मग वकिलांचं बघ.

तुम्ही माझ्याशी भांडलात यातच मला सगळं आलं. मनातून उतरलेल्या माणसाशी कोणी भांडत नाही.

या खेपेला एक परदेशातला बघितला. खाली अक्षरं पळतात, ती मला वाचून होईपर्यंत बोलणारा माणूस दार लावून निघून गेलेला असतो. मग मी वाचायचं सोडून दिलं. एक म्हातारा आहे. त्याची शेगडी बिघडते, आणि तो ती दुरुस्त करतो. झालं, हाच सिनेमा. गाणं नाही, खून नाही. आमचे हे मधेच जागे झाले, "काय झालं?" म्हणाले. म्हटलं, "शेगडी." "अजून?" म्हणून परत झोपले.

पण विहीणबाई, तो म्हातारा पातेलं घासतो ना, ते खरं घासतो! आपल्या नायिका पातेल्यावरून नुसता हात फिरवतात, जसं काही मांजर कुरवाळतायत. याने कडेचं करपलेलं नखाने काढलं. नंतर शेगडी पेटली तेव्हा त्याने दोन कप काढले आणि एक परत ठेवून दिला. मला एकदम रडूच आलं. सून म्हणाली, "अहो आई, तुम्हाला खालचं वाचता आलं?" म्हटलं, "कपाला काय वाचायचंय?"

मला ती 'अहो आई' म्हणते. तुमचं नाव निघालं की नुसतं 'आई'. त्या 'अहो'चं वजन मला कळतं. माझी तक्रार नाही. ती मला जीव लावते, डोक्याला तेल चोळून देते, यांना दम देऊन औषध घ्यायला लावते. पण बाळंतपणाच्या गोष्टी निघाल्या की मी सांगत असते आणि ती दाराकडे बघत असते. माझ्यामागे कोणी येऊन उभं राहिलंय असं वाटून मी दोनदा वळून पाहिलं.

शेगडीचा सिनेमा मिळाला तर बघा. आवडला नाही तर चांगलं सणसणीत कार्ड लिहा, शिंपीही वाट बघतोय.

लोभ चिमूटभर तरी असेल आता, असं धरून चालते.

तुमची विहीण


८ मार्च

विहीणबाई,

शेगडीचा सिनेमा तुम्हाला आवडला! "कप ठेवला तिथे मी बंद केला, पुढचं नको वाटलं," असं लिहिलंत. अहो, पुढे काहीच नव्हतं, तो चहा पितो आणि संपतं. बंद कशाला करायचा?

असो. आज एका पैजेचा निकाल तुम्ही द्यायचाय. सून विरुद्ध सासू, आणि न्यायाधीश तुम्ही. बघा, कशी पंचाईत केली तुमची.

रविवारी सून आपणहून म्हणाली, "अहो आई, आज मी सांगते तो बघू. आईने मला दाखवला होता लहानपणी." आणि एक जुना, काळापांढरा लावला. इतकी खुलली होती म्हणून सांगू! सिनेमातल्या माणसांच्या आधी हीच सगळं बोलत होती. लोकांचे कपडे धुणारी एक बाई, तिची एकुलती एक मुलगी. मुलगी सर्कशीतल्या ट्रम्पेटवाल्याबरोबर निघून जाते. (त्या ट्रम्पेटवाल्याचे कान कसे होते ते आठवतंय तुम्हाला? वाऱ्याच्या दिवशी उडाला असता.) आई म्हणते, तू मला मेलीस. वर्षं जातात. आईचे हात दाखवतात, साबणाने सोललेले. फार चांगले दाखवलेत, हात खरे वाटतात. मग पावसात मुलगी परत येते, कडेवर लेकरू. दार ठोठावते.

इथे सून माझा हात धरून म्हणाली, "आता बघा हं. आता आई दार उघडते. काही म्हणजे काही बोलत नाही. लेकीच्या चिखलाच्या पायांकडे बघते आणि म्हणते, पाय पुसून ये."

आणि आई काही दार उघडेना.

आत उभी राहते, हात कडीवर. कडीवरच राहतो. बाहेर मुलगी वाट बघून बघून जाते. मग आई दार उघडते तर पायरीवर चिखलाची पावलं. संपला.

सून म्हणाली, "ही कापलेली प्रत आहे." मागे नेऊन परत लावला. परत तेच. म्हणाली, "हे चुकीचं आहे. कोणीतरी शेवट काढून टाकलाय." लेक म्हणाला, "अगं, शेवटाला 'समाप्त' आलं की." त्यावर ती त्याला जे काही बोलली ते इथे लिहीत नाही. मग मला म्हणाली, "लावा पैज, दार उघडतं."

तर सांगा विहीणबाई. तुम्ही थेटरात बघितला असेल, तेव्हा शेवट कोणी कापला नसेल. दार उघडतं की नाही? मी आपली 'नाही उघडत'वर लावलीय, पण खरं सांगू, हरायला मिळालं तर बरं वाटेल.

लोभ आहे असं आता समजते.

तुमची विहीण


२४ मार्च

विहीणबाई,

कार्ड नाही. शिंपी म्हणतो, "आजी, रागावल्या असतील." म्हटलं, रागावली तर ती आणखी मोठं लिहिते.

मग मला समजलं. उशिरा समजलं, पण माझी ट्यूब पेटायला वेळच लागतो.

सुनेने त्यानंतर लहानपणचे सगळे सिनेमे एकेक करून लावले. तो बुडालेला खलाशी, जो शेवटी एका बेटावर गाणं म्हणताना सापडतो. नाही सापडत. तो म्हातारा घोडा, ज्याला धनी परत विकत घेतो. नाही घेत, विहीणबाई, घोडा मरतो, आणि आमचे हे नेमके तेव्हाच जागे, तर दोन दिवस जेवण गेलं नाही यांना. ती आंधळी मास्तरीण, जिला दिसायला लागतं. कुठलं काय. सून प्रत्येक वेळी म्हणायची, "थांबा, आता होईल," आणि व्हायचं नाही. चौथ्यापाचव्याला ती हसायलाच लागली. हसता हसता पोट धरलं, आणि मग ते हसू राहिलं नाही.

म्हणाली, "आई शेवट बघूच द्यायची नाही. शेवट आला की टीव्ही बंद करायची आणि म्हणायची, चल, केस पुसून देते, शेवट मी सांगते. मला वाटायचं सिनेमे असेच बघतात सगळीकडे. मैत्रिणी म्हणायच्या घोडा मेला, मी भांडायचे त्यांच्याशी. वर्गात माझा गाल सुजला होता घोड्यापायी."

मी विचारलं, "आधीपासून अशी करायची का आई?"

म्हणाली, "नाही. बाबा गेल्यानंतर."

विहीणबाई, मी उठून भाजी निवडायला बसले. निवडलेलीच भाजी परत निवडली. सहा वर्षांची पोर घेऊन एकटी बाई, दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा धरणार, "आता दिसतंय का, आता?" विचारणार, आणि घरी येऊन लेकीला म्हणणार, हे नको बघू, मी सांगते. घरात एक वाईट शेवट होऊन गेला होता, दुसरा उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचा नव्हता, एवढंच ना?

आणि ते 'पाय पुसून ये'. तेही विचारलं मी. ती म्हणाली, "सिनेमातलंच. म्हणजे... आई मला रोज म्हणायची ते. मी तलावावरून ओल्या पायांनी यायचे ना." असं म्हणाली आणि स्वतःच्याच पायांकडे बघायला लागली. इतक्या वर्षांत तिच्या डोक्यात आलं नव्हतं की एवढं घरगुती वाक्य कुठला सिनेमावाला लिहिणार? त्या लोकांच्या आया दार उघडल्यावर आधी छाती पिटतात.

आता पुढचं लिहू नये असं वाटतंय, पण लिहिते. लग्नानंतर महिन्याभराने ती तुमच्या दारात आली होती. आम्हाला कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. भर दुपारी. तलावावरून तशीच, केस ओले, चपला ओल्या. आत तुमचा टीव्ही लागलेला तिला ऐकू येत होता. तिने ठोठावलं आणि आवाज बंद झाला. ती उभी राहिली. तिला खात्री होती, विहीणबाई. भीती वाटलीच नाही म्हणते. आई रागावणार, मग दार उघडणार, मग पायांकडे बघणार. पुढचं वाक्यसुद्धा ठाऊक होतं तिला.

चपला वाळल्या तेव्हा निघाली म्हणाली.

मी म्हटलं, "परत एकदा जाऊन बघ ना. मी येते बरोबर." म्हणाली, "अहो आई, मी एकदा ठोठावलंय. आता तिची पाळी." आणि तुमच्यासारखीच मानेला झटका दिला. ही मान कुठून आली ते मला त्या जिन्यातच कळलं होतं.

माझी पैज मागे घेते. उत्तर नको. पण विहीणबाई, दिवस भरत आलेत.

लोभ आहे. तुमच्याकडून नसला तरी इकडून आहे.

तुमची विहीण


११ एप्रिल

विहीणबाई!

नात झाली!

तुम्हाला नात झाली, मला नात झाली, एकच नात दोघींना झाली! मायलेकी दोघीही सुखरूप आहेत, काळजी करू नका. मंगळवारी सकाळी. डोक्यावर केस म्हणाल तर शपथेला नाही, अगदी गुळगुळीत, म्हणून आम्ही तिला टकलीबाई म्हणतो. मुठी अशा वळलेल्या की जसं काही आतमध्ये किल्ल्या आहेत आणि कोणाला देणार नाही. रडते तेव्हा आधी ओठ बाहेर काढते, थोडी थांबते, सगळे बघतायत ना याची खात्री करते, आणि मग सूर लावते. जन्मजात नटी आहे! मी कितीतरी सिनेमे पाहिले, पण असं तोंड कुठल्या पडद्यावर पाहिलं नाही. आमचे हे आता मारामारीलाही उठत नाहीत, तिने नुसतं हूं केलं की ताडकन उठतात आणि विचारतात, "काय म्हणाली?" माझा लेक लिफ्टमध्ये लोकांना थांबवून फोटो दाखवतो. परवा एकाचा मजला हुकला.

आणि त्याच दिवशी शिंपी कार्ड घेऊन दवाखान्यात! दुकान बंद करून आला, टेप गळ्यातच. या वेळी म्हणे वाचलं नाही. खरं असावं, कारण त्याने मत दिलं नाही.

"दार उघडत नाही. मी लेकीला खोटं सांगत आले."

एवढंच लिहिलंत. खालची जागा तशीच कोरी.

आता ऐका माझं. मी शिकलेली नाही, पण सिनेमे चिक्कार पाहिलेत, तेवढ्या अधिकाराने सांगते. तुम्ही खोटं नाही सांगितलं. सिनेमावाल्याला ती मुलगी कोण? कोणीच नाही. शेवट करून पैसे घेऊन तो घरी गेला. तुम्हाला तुमच्या लेकीला झोपवायचं होतं. तिला उद्या उठून पाण्यात उडी मारायची होती. बुडालेला माणूस बेटावर सापडतो असं ज्या पोरीने ऐकलंय, तीच खोल पाण्याला भीत नाही. आज इतक्या लोकांच्या पोरांना ती पोहायला शिकवते, ते त्या खोट्या खलाशाच्या जिवावर.

चूक एकच झाली. शेवट सांगणारीनेच एका दुपारी सिनेमातल्यासारखं केलं.

आणि आता इकडे काय झालंय ते ऐका. टकलीला मांडीवर घेऊन सून सिनेमा लावते, आणि शेवट आला की बंद करते. नुसती बसून राहते. म्हटलं, "बघ की पुढे." म्हणते, "नको. आणि सांगायलाही कोणी नाही." मी म्हटलं, मी आहे ना! सांगून पाहिला मी एक शेवट. पण मला जमत नाही हो. माझ्या हातून एक तर सगळे मरतात, नाही तर सगळ्यांची एकमेकांशी लग्नं लागतात. काल मी दरोडेखोराचं लग्न न्यायाधीशाशी लावलं, दोघांना मिशा. सून हसली, पण माझ्या हातावर थोपटून म्हणाली, "राहू दे अहो आई." परत तेच 'अहो'.

तेव्हा हे काम तुमचं आहे. मला नाही जमणार, आणि तुमच्याशिवाय कोणाला ठाऊकही नाही ते. इमारत पिवळी आहे, खाली शिंपी, त्याला विचारलंत तर तो वरपर्यंत पोचवून जाईल आणि वाटेत वकिलाचा विषय काढेल. आम्ही पाचव्या मजल्यावर. लिफ्ट चालू असते. लिफ्टवाल्याच्या घरची लिफ्ट बंद पडली तर अब्रू जायची, तेव्हा गुडघ्यांची चिंता करू नका. दार मी उघडणार नाही. मी स्वयंपाकघरात असेन.

सून तुमच्याकडे येणार नाही, हे मी लिहिलंय आधी. आता तुम्ही ठरवा, सिनेमावाल्याचा शेवट घ्यायचा की तुमचा.

लोभाचं काय ते समोरासमोर बोलू.

तुमची विहीण


२ मे

विहीणबाई,

तुम्ही आतल्या खोलीत पडलायत, टकली तुमच्या पोटावर पालथी, आणि मी इथे तुम्हाला पत्र लिहितेय. आमचे हे म्हणाले, "अगं, ती इथेच आहे, जाऊन बोल की." म्हटलं, तुम्हाला काय कळतंय, सवय झालीय. हे पोस्टात टाकायचं नाही. तुमच्या पिशवीत सरकवणार, घरी गेल्यावर सापडेल. काही गोष्टी तुमच्या पाठीमागे झाल्या, त्या तुम्हाला कळायला हव्यात.

परवा बेल वाजली तेव्हा मी कबूल केल्याप्रमाणे स्वयंपाकघरात होते. पण दार किलकिलं ठेवलं होतं. एवढे सिनेमे बघणारी मी, हा सोडेन होय? सून टकलीला खांद्यावर टाकून उठली. तिला वाटलं शिंपी. दार उघडलं, आणि तुम्ही. हातात पिशवी, चष्मा नाकावर घसरलेला, आणि श्वास लागलेला. लिफ्ट चालू असताना जिन्याने आलात! पाच मजले! धन्य आहे तुमची.

तुम्ही ना टकलीकडे बघितलंत, ना लेकीकडे, खाली फरशीकडे बघत उभ्या. टकलीने उचकी दिली. आणि सोफ्यावरून आमचे हे जागे होऊन विचारतात, "हा कोण?"

कसं सांगू, मी तोंडात पदराचा बोळा कोंबला.

सून तुमच्या पायांकडे बघत होती. तुम्हाला तिचा चेहरा दिसला नाही, तुम्ही मान वर केलीच नव्हती. मला दिसला. ओठ आधी बाहेर आले, थोडे थांबले, अगदी टकलीसारखे. आणि मग म्हणाली,

"पाय पुसून ये."

विहीणबाई, तुम्ही ते पाय पुसत राहिलात, पुसतच राहिलात. पायपुसणं नवं होतं आमचं. शेवटी तीच म्हणाली, "बास गं आई, झिजेल ते." 'गं आई.' मी स्वयंपाकघरात गॅस बंद केला, कारण आमटी करपत होती आणि मला दिसत नव्हतं.

दुसरं असं. संध्याकाळी भांडी विसळताना तुम्ही मला हळूच सांगितलंत की त्या दुपारी कडी तुमच्या हातात होती. चपला वाळेपर्यंत हातात होती. मी पातेलं विसळत राहिले, तुम्हाला वाटलं असेल मला ऐकू आलं नाही. आलं. काय बोलणार? तुम्हीच म्हणालात, "तिकडे ती उभी, इकडे मी उभी, आणि मधे नुसती फळी." हे लेकीला सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. सांगा असं मला वाटतं. पण तुमचं आणि माझं मत वकिलापासून जुळलेलं नाही.

तिसरं. मी सुनेला आज म्हटलं, "मी तुझ्या आईला लिहीत होते, तुझ्या चोरून." ती टकलीचे पाय पुसत होती. वर न बघता म्हणाली, "तुमच्या खणातली पोस्टाची तिकिटं कधी संपली का हो?" मला आपलं वाटायचं आमचे हे आणून ठेवतात. हे! यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही.

आता आज दुपारचं. हे तर तुमच्या समोरच झालं, तरी लिहिते, कारण तुम्ही रडत होतात आणि रडताना माणसाचं निम्मं निसटतं. सुनेने तोच लावला, काळापांढरा. शेवट आला, मुलगी पावसात दाराशी, आणि तुमचा हात आपोआप रिमोटकडे गेला. सून म्हणाली, "राहू दे आई. आज बघू सगळा." तुम्ही टकलीचे डोळे झाकलेत! महिन्याची पोर, झोपलेली, तिला काय कळणार होतं? पण झाकलेत. आणि मग आपण तिघींनी बघितलं. हात कडीवर. पावलं. समाप्त. कोणी कोणाकडे बघितलं नाही. सुनेचं डोकं मात्र कधी तुमच्या खांद्यावर गेलं ते मला कळलं नाही, आणि मी तर डोळ्यांत तेल घालून बघत होते.

तेवढ्यात आमचे हे जागे झाले. पडदा काळा झालेला, आपण तिघी डोळे पुसतोय. घाबरून म्हणाले, "काय झालं? उघडलं का दार तिने?"

मी सांगणार होते की नाही उघडलं, घोड्याचं सांगितलं होतं तसं.

तुम्ही म्हणालात, "उघडलं."

"हां," म्हणाले हे, आणि परत झोपले.

लोभ आहे. भरपूर आहे. गेल्यावर कार्ड घाला, आणि आता सरळ घरच्या पत्त्यावर घाला. शिंप्याला वाईट वाटेल, पण त्याला मी वाचून दाखवीन.

तुमचीच विहीण